तुम्ही विचारलंत म्हणून: मोठ्या पुरानंतर नदी पूर्ववत कधी होते?

हे विचारणाऱ्याला वर्षांचा एक आकडा हवा असतो. तो देता येत नाही, कारण नदीतली प्रत्येक गोष्ट आपापल्या वेगाने सावरते. जलकीटक काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत परततात. काही वरून वाहत येतात, काहींच्या माद्या उडत येऊन अंडी घालतात. पात्राला वर्षं लागतात, काठच्या झाडीला दशकं. १९८० साली अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या उद्रेकात टूटल नदीच्या उत्तर फाट्यात सुमारे अडीच घन किलोमीटर दरड कोसळली. तिथला गाळ चाळीस वर्षांनंतरही खाली येतच होता.

तेव्हा आधी विचारावं, पूर्ववत म्हणजे काय मोजायचं? बहुतेक जण पात्राचा आडवा छेद, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत तळाच्या उंचीची नोंद, पुरापूर्वी आणि पुरानंतर घेतात. तेवढ्यावर विसंबू नये. पुरात तळ किती खोल खरवडला हे कळायला त्याच्या जोडीला तळात धातूची साखळी गाडावी. पाणी कमी असताना ती उभी पुरायची, खालचं टोक घट्ट अडकवायचं, वरचं तळाच्या पातळीत ठेवायचं. दोन्ही काठांवरच्या पक्क्या खुणांपासूनची अंतरं लिहून ठेवायची, नाहीतर पुरानंतर साखळी शोधण्यातच दिवस जातो. पूर जितका तळ खरवडेल तितकी साखळी मोकळी होऊन प्रवाहाच्या दिशेने आडवी पडते. पूर ओसरताना तिच्यावर गाळ बसतो. मग उकरायचं आणि साखळी जिथे वाकली ते कोपर गाठायचं. समजा, कोपर जुन्या तळाच्या ४० सेंमी खाली आहे आणि त्यावर ३५ सेंमी नवे गोटे आहेत. छेदात फरक दिसेल फक्त ५ सेंमीचा, आणि अहवालात लिहिलं जाईल ‘तळ स्थिर’! साखळी आखूड पडली तर अख्खी वाहून जाते. मग खरवड ‘निदान एवढी’ इतकंच म्हणता येतं.

पुरापूर्वीची मोजमापं नसतील तर त्याच खोऱ्यातला, पुराचा फटका न बसलेला ओढा तुलनेला घ्यावा. मोजणी दरवर्षी त्याच हंगामात, साधारण तितक्याच पाण्यात करावी.

पूरमैदानात पूर कसा ओसरला याला फार महत्त्व. वाळुंजासारख्या झाडांचं बी ताज्या ओल्या गाळावर रुजतं, पण ते काही आठवडेच टिकतं. भूजल रोज अडीच सेंमीहून जास्त वेगाने उतरू लागलं, तर मुळं मागे पडतात आणि रोपं वाळतात. जगलेल्या झाडांचं वय काढताना छातीच्या उंचीवर भोक पाडून वलयं मोजली तर वय हमखास कमी येतं. बुंधा नंतरच्या गाळात गाडलेला असतो. तो मुळाच्या मानेपर्यंत, म्हणजे खोड आणि मूळ जिथे जुळतात तिथपर्यंत, उकरून तिथली वलयं मोजावी लागतात.