अ‍ॅल्युमिनियमचा इनटेक मॅनिफोल्ड टाकून पॉवर वाढते का? माझ्या स्विफ्टवरचा अनुभव

माझ्याकडं पेट्रोल स्विफ्ट आहे, १.२ के-सिरीज, ११९७ सीसी. रोज ऑफिसला तीच आणि कुठं ऑटोक्रॉस (मैदानात शंकू ठेवून आखलेल्या वाटेवरची वेळेची शर्यत) असली की तिथंही तीच. इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरांना हवा वाटून देणारा भाग, कंपनीकडून प्लॅस्टिकचा येतो, आणि गाड्यांचा नाद असलेली जवळपास सगळी पोरं सांगतात की तो काढ, अ‍ॅल्युमिनियमचा टाक, गाडी उडेल. मला ते मोजूनच बघायचं होतं. म्हणून आधी स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच, गाडी डायनोवर (चाकांवरची ताकद मोजायच्या मशीनवर) घेतली, चाकांवर ७० च्या आसपास हॉर्सपॉवर आली, आणि ठरवलं की बदल केल्यावर त्याच डायनोवर, त्याच गिअरला, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून परत घ्यायची. नुसतं "पिकअप वाढल्यासारखा वाटतोय" यावर माझा विश्वास नाही, मॅनिफोल्ड बदलला की इंजिनचा आवाज बदलतो आणि आवाज मोठा झाला की गाडी पळतेय असंच वाटतं.

या इंजिनला बसेल असा तयार मॅनिफोल्ड मला मिळाला नाही. मग पुण्याजवळ भोसरी एमआयडीसीत आर्गॉन वेल्डिंग करणारे एक काका गाठले, त्यांचं रोजचं काम पाइपलाइनचं, गाडीचं असं काही केलेलं नव्हतं, पण स्टॉक मॅनिफोल्ड हातात घेऊन त्यांनी बराच वेळ उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "साहेब, वेल्डिंगचं काही नाही, ते होईल, पण वेल्ड मारल्यावर ही इंजिनला बसणारी पट्टी, फ्लँज, वाकणार, ती परत फेसिंग करून सपाट करून घ्यायला लागेल, नाहीतर पॅकिंग कितीही भारी टाका, हवा ओढणारच." हा सल्ला सोन्यासारखा होता. फ्लँज जाड प्लेटमधून सीएनसीवर कापून घेतली, रनर (प्रत्येक सिलिंडरकडं जाणाऱ्या नळ्या) आणि प्लेनम (त्या नळ्यांना हवा देणारा डबा) काकांनी जोडले, आणि फेसिंग सगळ्यात शेवटी.

फोटोत मॅनिफोल्ड म्हणजे एक डबा आणि चार नळ्या दिसतात, प्रत्यक्षात त्याला ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पाइप लागतो, पीसीव्हीची (इंजिनच्या आतला वायू परत ओढणारी) होज लागते, कॅनिस्टरचा पर्ज (पेट्रोलची वाफ ओढणारा पाइप) लागतो, हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर बसतो. यातली एक जरी जागा चुकली तरी आयडलिंग हलतं किंवा चेक इंजिन लाइट लागते, आणि ब्रेकचा व्हॅक्यूम तर जिवाशीच खेळ. त्यामुळं गाडीवर चढवायच्या आधी सगळी तोंडं बंद करून, हलकी हवा भरून, पाण्यात बुडवून बघितलं. एका वेल्डमधून बारीक बुडबुडे येत होते, तो परत भरून घेतला.

पहिल्या वेळी रनर मुद्दाम आखूड ठेवले होते, कारण बाजारात मिळणारे रेसिंगचे मॅनिफोल्ड बहुतेक तसेच असतात. स्टॉक ईसीयूवर (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर) डायनोचा रन घेतला तर आयडलिंग खालीवर आणि वर काही खास नाही. मग रीमॅप केलं, म्हणजे ईसीयूतले आकडे बदलून घेतले, कारण हवा किती आत जातेय हा ईसीयूचा हिशोब मॅप सेन्सरनं मोजलेल्या दाबावर आणि आत भरलेल्या टेबलवर चालतो आणि ते टेबल स्टॉक मॅनिफोल्डचं असतं. रीमॅपनंतर ५५०० च्या वर तीन-चार हॉर्सपॉवर वाढली. पण ३५०० च्या खाली टॉर्क (इंजिनची ओढ) सरळसरळ पडला, ग्राफमध्ये खड्डाच. ऑटोक्रॉसला तुम्ही शंकूला वळून दुसऱ्या गिअरवर बाहेर पडता तेव्हा इंजिन नेमकं याच पट्ट्यात असतं, म्हणजे मला जिथं ताकद पाहिजे तिथंच गेली.

हे का होतं ते एकदा नीट समजून घ्या. इनटेक व्हॉल्व्ह बंद झाला की वेगात येणारी हवा त्याच्यावर आदळते, दाबाची लाट उलटी प्लेनमपर्यंत जाते आणि तिथून परत फिरते, आणि ती परत येताना व्हॉल्व्ह उघडा सापडला तर सिलिंडरमध्ये थोडी जास्त हवा कोंबली जाते. लाटेचा वेग आवाजाचाच, सेकंदाला साधारण ३४० मीटर, तो आरपीएमप्रमाणं बदलत नाही. पण ६००० आरपीएमला एक सिलिंडर सेकंदाला ५० वेळा श्वास घेतो आणि ३००० ला २५ वेळा, म्हणून लांब पाइपचं टायमिंग खालच्या आरपीएमला जुळतं आणि आखूडचं वरच्या. यात धातूचा कुठंच संबंध नाही, सगळा खेळ लांबीचा, व्यासाचा आणि प्लेनमच्या मापाचा.

आणि हे मला नुसतं वाचून मान्य करायचं नव्हतं, म्हणून काकांकडून तेच रनर कापून मध्ये तुकडे जोडून स्टॉकच्या लांबीएवढे करून घेतले आणि त्याप्रमाणं परत रीमॅप केलं. ग्राफ जवळजवळ स्टॉकवर जाऊन बसला! खालचा टॉर्क परत आला, वरची वाढ गेली. माझ्यासाठी विषय तिथंच मिटला, अ‍ॅल्युमिनियम म्हणून एक हॉर्सपॉवरसुद्धा मिळालेली नाही.

उलट उष्णतेत तोटाच. अ‍ॅल्युमिनियम कंपनीच्या प्लॅस्टिकपेक्षा, म्हणजे नायलॉनपेक्षा, शेकडो पट जास्त उष्णता वाहून नेतं. मे महिन्यात गॅरेजच्या आवारात गाडी आयडलिंगला उभी ठेवली तर मॅनिफोल्डला हात लावता येत नव्हता, प्लॅस्टिकचा तेवढा तापत नाही. हवा साधारण ३ अंश तापली की घनता १ टक्का कमी होते. गाडी जोरात पळत असताना हवा मॅनिफोल्डमध्ये थांबतच नाही म्हणून फरक कमी पडतो, पण ट्रॅफिकमधून किंवा स्टार्ट लाइनवरून निघताना पडतो. आतून आरशासारखं पॉलिश करून देतो म्हणणारेही भेटले, पण कंपनीचा प्लॅस्टिकचा आतून मुळातच गुळगुळीत असतो, त्याला पैसे घालवू नका.

मॅनिफोल्ड, डायनो आणि रीमॅप मिळून ५० हजारांच्या आसपास गेले. एवढ्यात चांगले टायर आणि ब्रेक पॅड येतात, आणि ऑटोक्रॉसला वेळ त्यानंच कमी होतो. शिवाय कायद्याचं लक्षात ठेवा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाल्यांना कारण मिळतं ते वेगळंच. माझ्या गाडीवर आता परत प्लॅस्टिकचाच आहे, रीमॅपही काढून स्टॉक केलंय.

अ‍ॅल्युमिनियमचा उपयोग होतो तो टर्बोवाल्यांना, बूस्ट (टर्बो हवा कोंबतो तो दाब) कंपनीच्या हिशोबापेक्षा बराच वाढवायचा असेल तर तिथं मजबुती लागते, बॅकफायर झाला तर प्लॅस्टिक फुटू शकतं. किंवा ज्यांची गाडी फक्त ट्रॅकवर जाते आणि सतत ५००० च्या वरच असते त्यांना आखूड रनरचा फायदा आहे. असा पार्ट विकत घेताना रनरची लांबी विचारा आणि एकाच डायनोवरचा आधीचा आणि नंतरचा पूर्ण ग्राफ मागा, २००० आरपीएमपासूनचा, नुसता वरचा आकडा नको.