तिसऱ्या नंबरचा माणूस

ला लिगामध्ये, म्हणजे स्पेनच्या फुटबॉल लीगमध्ये, आजवर सर्वांत जास्त गोल कुणाचे, असं कोल्हापुरातल्या कुठल्याही पेठेत विचारा. पहिली दोन नावं शाळकरी पोरगंसुद्धा झोपेत सांगेल. मेस्सी ४७४, रोनाल्डो ३११. तिसऱ्या नावाला गाडी अडते. ते नाव तेल्मो झर्रा, गोल २५१. माझा सगळा जीव या तिसऱ्या माणसावर आहे.

मी पेठेच्या संघातून सेंटर फॉरवर्ड खेळायचो, आणि आता सकाळी पोरांना शिकवतो. पायापेक्षा डोक्यानं गोल करण्यात मला कायम जास्त आनंद वाटत आलाय. त्यामुळे हेडरचा बादशहा म्हणून ज्याचं नाव झालं, तो माणूस मला जवळचा वाटला यात नवल नाही.

झर्रा १९२१ साली उत्तर स्पेनमधल्या बिल्बाओजवळच्या एरान्दिओत जन्मला. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर. १९४० ते १९५५ तो अॅथलेटिक बिल्बाओकडून खेळला आणि २५१ च्या २५१ गोल त्याच एका क्लबसाठी केले. हा क्लब फक्त बिल्बाओच्या आसपासच्या बास्क प्रदेशाशी नातं असलेलेच खेळाडू घेतो, तेव्हाही आणि आजही. बाहेरून पैसे टाकून विंगर, म्हणजे कडेनं पळून बॉल आत टाकणारा खेळाडू, आणायचा, असा प्रकार नाही. आसपासच्या गावांतून जी पोरं मिळतील त्यांच्यातूनच संघ उभा करायचा. त्या पोरांतून जी फॉरवर्ड लाइन तयार झाली ती बिल्बाओतले जुने लोक अजून एका दमात म्हणतात: इरिओन्दो, वेनान्सिओ, झर्रा, पानिझो, गाइंझा.

यातला शेवटचा गाइंझा लक्षात ठेवा. डावीकडचा विंगर.

हेडर म्हणजे डोकं मारणं, असं नव्या पोरांना वाटतं. बॉल आला की डोळे मिटतात, खांदे वर घेतात आणि बॉल टाळूवर घेतात. मग दुखतं, आणि बॉल जातो आभाळात. कपाळाचा सपाट भाग बॉलला लागला पाहिजे, तोंड बंद, डोळे शेवटपर्यंत उघडे. जोर कमरेतून येतो आणि मान शेवटच्या क्षणी घट्ट होते. गोलसमोर असाल तर बॉल खाली, गोलकीपरच्या पायाशी जमिनीवर आपटायचा, कारण उडी मारलेल्या माणसाला खाली जायला वेळ लागतो. हे सगळं जमलं तरी बॉल नेमक्या जागी यायला हवा, आणि तो आणणारा वेगळाच असतो. झर्रासाठी तो बहुतेक वेळा गाइंझा होता. बॉलही आजच्यासारखा हलका नव्हता. चामड्याचा असायचा, पाऊस पडला की पाणी पिऊन जड व्हायचा, आणि बिल्बाओ हे पावसाचं गाव. असला बॉल कपाळावर घेऊन त्यानं पंधरा वर्षं काढली. ‘चर्चिलनंतर युरोपातलं सर्वांत चांगलं डोकं’ असं त्याच्याबद्दल म्हटलं जायचं.

त्याचा सर्वांत गाजलेला गोल मात्र पायानं केलेला. १९५० चा वर्ल्ड कप, २ जुलै, ब्राझीलमधलं माराकाना मैदान, समोर इंग्लंड. दुसरा हाफ नुकता सुरू झालेला. उजवीकडून क्रॉस आला, गाइंझानं तो डोक्यानं आत वळवला आणि झर्रानं जाळ्यात घातला. १-० नं इंग्लंड घरी. स्पेनमध्ये हा गोल पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला.

त्याच वर्षी सुरू झालेल्या १९५०-५१ च्या मोसमात त्यानं ३० सामन्यांत ३८ गोल केले. आता हा ३८ बघा. १९८९-९० मध्ये रेआल माद्रिदच्या हुगो सांचेझनं त्याची बरोबरी केली, आणि ते ३८ च्या ३८ गोल एका टचमध्ये! बॉल थांबवायचा नाही, सावरायचा नाही, आला तसा मारायचा. हा माणूस दंतवैद्यक शिकलेला, आणि गोल झाल्यावर कोलांटी उडी मारायचा. बहीण ऑलिंपिकपर्यंत पोचलेली जिम्नॅस्ट होती, त्या घरातून आलेली ती उडी. शेवटी २०१०-११ मध्ये रोनाल्डोनं ४० करून ३८ ला मागं टाकलं. पुढच्याच मोसमात मेस्सीनं ५० केले.

पोरं मला म्हणतात, सर, ५० कुठं आणि ३८ कुठं. मी त्यांना सामन्यांचा रकाना बघायला लावतो. आज मोसमात ३८ सामने असतात. झर्राच्या बहुतेक मोसमांत संघ चौदा, म्हणजे सामने २६. पंधरा वर्षं खेळूनही त्याचे ला लिगातले सामने पावणेतीनशेच्या आसपासच भरतात. भागाकार केला की दर सामन्याला साधारण ०.९ गोल येतात. मेस्सीचे ५२० सामन्यांत ४७४, म्हणजे ०.९१. जवळजवळ तेवढेच! रोनाल्डो इथं दोघांच्याही पुढं आहे, २९२ सामन्यांत ३११, आणि हे मेस्सीच्या चाहत्यांनी मोकळ्या मनानं कबूल करावं असं मला वाटतं.

सरासरीच बघायची तर इसिद्रो लांगाराचंही नाव घ्यायला हवं. रेआल ओविएदोचा सेंटर फॉरवर्ड, ९० सामन्यांत १०४ गोल. १९३४ पासून सलग तीन मोसम लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याचेच, आणि मग स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं. १९३६ ते १९३९ लीगच झाली नाही. तो अर्जेंटिनात गेला, सान लोरेन्झोकडून पहिल्याच सामन्यात रिव्हर प्लेटवर चार गोल केले, मग मेक्सिकोत खेळला. ऐन भराची वर्षं त्याच्या देशातल्या यादीत कुठंच नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं.

झर्राचा २५१ चा विक्रम जवळपास साठ वर्षं टिकला. तो मोडला २२ नोव्हेंबर २०१४ ला, बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर, सेव्हियाविरुद्ध. आपल्याकडं मध्यरात्र उलटून गेली होती आणि मी घरच्यांना जाग येऊ नये म्हणून टीव्हीचा आवाज बंद करून बसलो होतो. मेस्सीनं आधी फ्री किकवर २५१ गाठले. दुसऱ्या हाफमध्ये नेमारच्या पासवर २५२ वा झाला, आणि सामना चालू असतानाच सहकाऱ्यांनी त्याला उचलून हवेत उडवलं. थोड्या वेळानं हॅट्‌ट्रिकही झाली. झर्रा हे बघायला नव्हता, २००६ मध्येच तो गेला. मेस्सीचा लीगमधला पहिला गोल २००५ मध्ये आल्बासेतेवर, रोनाल्डिन्होनं वरून काढून दिलेल्या बॉलवर झालेला. म्हणजे त्यालाही त्याचे गाइंझा मिळत गेले.

आणि मेस्सीचा लीगमधला शेवटचा गोल? १६ मे २०२१, सेल्ता व्हिगोविरुद्ध, हेडर. त्या वर्षांत ला लिगा आपल्याकडं फेसबुकवर फुकट दिसायची. लॉकडाऊन होता, मैदानं बंद होती. बुस्केट्सनं बॉल उचलून टाकला आणि मेस्सीनं तो डोक्यानं वळवला. बार्सिलोना तो सामना हरली. पण झर्राचा विक्रम मोडणाऱ्यानं लीगचा शेवट डोक्यानं केला, याचं मला मनापासून समाधान आहे.

झर्राची एक गोष्ट मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगतो. मलागाविरुद्धच्या सामन्यात समोरचा खेळाडू जखमी होऊन पडला, गोल करायची संधी होती, आणि यानं बॉल सरळ बाहेर घालवला. मलागा क्लबनं त्याला सोन्याचा बिल्ला दिला. सहा वेळा लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्या माणसानं एक गोल सोडून दिला. पोरं ही गोष्ट गप्प बसून ऐकतात.

आता रेआल माद्रिदकडं एमबापे आलाय. २०२४-२५ मध्ये पहिल्याच मोसमात ३१ गोल आणि पिचिची, म्हणजे लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याचा करंडक. याच वेगानं ४७४ गाठायचे तर त्याला सोळावा मोसम उजाडेल. मला घाई आहे ती वेगळ्याच गोष्टीची. पिचिची हे नाव अॅथलेटिक बिल्बाओच्याच खेळाडूचं, राफाएल मोरेनोचं टोपणनाव. त्याचा पुतळा सान मामेस स्टेडियममध्ये आहे, आणि तिथं पहिल्यांदा खेळायला येणारा संघ त्याला फुलं वाहतो. पण त्याच्या नावाचा करंडक अॅथलेटिकच्या कुणी शेवटचा जिंकला तो कार्लोस रुईझनं, १९७४-७५ मध्ये, १९ गोल करून. पन्नास वर्षं झाली. तिकडच्या एखाद्या पोरानं तो एकदा घरी न्यावा, आणि त्यात निम्मे तरी गोल हेडरचे असावेत, एवढं मला बघायचंय.