सात तलाव, नोंद पाचवी: मागच्या चाकाचा चोर सापडला

सापडला! चार पंक्चर, दीड महिना, विनाकारण घेतलेला एक नवा टायर आणि विहीगावच्या अलीकडे पिकअपच्या हौद्यात भाजीच्या क्रेटांवर बसून केलेला प्रवास, एवढं सगळं झाल्यावर मागच्या चाकातला चोर हाती लागला. चोर घरातलाच होता. पण आधी राइडचं सांगतो, नाहीतर काका म्हणतील, 'तू नुसता ट्यूबवर लिहितोस, पाण्यावर कधी लिहिणार?'

नव्याने आलेल्यांसाठी: मुंबईच्या नळाला पाणी देणाऱ्या सातही तलावांपर्यंत सायकलने जायचं, हा उद्योग. तुळशी आणि विहार घरचेच, तेही लांबून बघून झाले. तानसा आणि भातसा झाले. राहिले तीन, तिन्ही वैतरणेवरचे: अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडकसागर. सातही तलावांची मिळून क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यातलं ७,१७,०३७ एकट्या भातसाचं, म्हणजे जवळजवळ निम्मं. तुळशीच्या वाट्याला ८,०४६. पाऊस लागला की तुळशी भरून वाहिल्याची बातमी येते आणि आमच्या सोसायटीत लोक निवांत होतात. भातसाचा काठ पायाखाली घातल्यापासून मला त्या बातमीचं हसू येतं.

या वेळी अप्पर वैतरणा. आखलेली वाट: कसारा, घाट, इगतपुरी, घोटी, धरण, तिथून खोडाळ्याकडे उतरून विहीगावच्या धबधब्यावरून परत कसारा. मुलुंडहून अंधारातच ठाण्याला गेलो आणि लगेजच्या डब्यात सायकल घेऊन कसाऱ्यापर्यंत. डब्यात दुधाचे रिकामे कॅन होते, त्यांना टेकवून सायकल उभी केली. (सायकल डब्यात कशी ठेवायची ते मागच्या वेळी विचारलं होतंत म्हणून सांगतो: डिरेल्युअरची, म्हणजे मागचे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची, बाजू कॅनकडे नको, भिंतीकडे. तो ज्याला अडकवलेला असतो तो हँगर वाकला की दिवस संपला.)

घाट पाय न टेकता चढलो. पहिल्यांदाच! ३४-२८ वर (पुढे ३४ दात, मागे २८), मुसळधार पावसात, डोंगरातून सुटलेलं पाणी रस्त्यावरून वाहत असताना. एका वळणावर धबधबा इतका जवळ पडत होता की हेल्मेटवर तडतड वाजत होतं. पलीकडे रेल्वेला मागून बँकर इंजिनं लावून ढकलत वर नेत होते. ती लाइन १८६५ची, तिचा चढ ३७ला १, म्हणजे २.७ टक्के. आपला रस्ता त्याहून बराच उभा आणि आपल्याला मागून ढकलणारं कोणी नाही. मागे ३२ दातांपर्यंतची कॅसेट, म्हणजे गिअरच्या चकत्यांचा गठ्ठा, घ्यावी असं दर आठवड्याला वाटतं. पण माझ्या डिरेल्युअरचा चेन ताणून धरणारा पिंजरा आखूड आहे, त्याला ती झेपायची नाही. मग लांब पिंजऱ्याचा डिरेल्युअर आला, चेन आली, खर्च आला. या चढानंतर तो विषय दिवाळीपर्यंत बंद.

घोटीला मिसळ खाल्ली. धरणाकडे जाताना दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, ढग थेट रस्त्यावर उतरलेले. पाणी दिसलं तेव्हा अर्धा तलाव धुक्यात होता आणि पलीकडचा काठ नव्हताच. वैतरणा उगम पावते त्र्यंबकच्या डोंगरात, गोदावरीही तिथलीच. एक पूर्वेला निघाली ती थेट बंगालच्या उपसागरापर्यंत, दुसरी पश्चिमेला वळली आणि तिच्या वाटेत मुंबईने तीन ठिकाणी हात पसरले. या पहिल्या ठिकाणी २,२७,०४७ दशलक्ष लिटर. काठावर पंधरा मिनिटं गप्प उभा राहिलो. पाचवा तलाव झाला.

आता मुद्द्याचं.

पंक्चर पहिलं, तुम्हाला माहीत आहे, तानसाच्या राइडला, आटगावजवळ हायवेवर. ट्रकचे टायर फुटले की त्यांतल्या पोलादी तारांचे केसासारखे तुकडे शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर, विखुरतात आणि आपल्या टायरमध्ये शिरतात. तशी तार सापडली, नेलकटरने ओढून काढली, ठिगळ लावलं. गुन्हा, गुन्हेगार, पुरावा, सगळं जागेवर. आणि तिथेच माझं डोकं बिघडलं. त्यानंतरचं प्रत्येक पंक्चर म्हणजे तारच, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

पंक्चर दुसरं ठाण्याच्या येऊरला. चढ चढलो, उतरलो, उपवन तलावाशी येऊन चहा घेतला, बघतो तर मागचं चाक बसलेलं. टायर आतून बाहेरून तपासला. आधी बोटं फिरवली, मग कापसाचा बोळा फिरवला, कारण तार असेल तर कापूस अडकतो. काही नाही. तरी म्हटलं, तार लागून पडून गेली असेल. टायर तीन हजार किलोमीटर चाललेला होताच, म्हणून नवा घेतला, २८ मिमी रुंदीचा. तो टायर चांगला आहे, पावसात पकड सुरेख, त्याच्याबद्दल तक्रार नाही. फक्त त्याची गरज नव्हती.

तिसरं त्याच वैतरणेच्या दिवशी. दुपारी पाऊस थांबला, रस्ता वाळला आणि खोडाळ्याकडचा उतार लागला. वळणं घट्ट, मध्येच खड्डे, त्यामुळे ब्रेकवर बोटं सतत. उतार संपून सपाटीला पाच-सात मिनिटं झाली असतील, तोच मागून तो ओळखीचा लिबलिबीत झोका आला. ट्यूब बदलली. मी टायरचं नाव नेहमी व्हॉल्व्हपाशी आणून बसवतो, म्हणजे ट्यूबला भोक सापडलं की टायरवर नेमकं कुठे शोधायचं ते कळतं. भोक व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर. येऊरलाही वीतभरच होतं. टायर नवा, जागा तीच! इथे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मी मात्र त्या वीतभर जागेत पुन्हा कापूस फिरवत बसलो.

चौथं खोडाळा सोडून विहीगावकडे येताना. सोबतची जादा ट्यूब संपली होती. बिनसोल्युशनचं चिकटं ठिगळ लावलं, ते पाच मिनिटांत उचकटलं. (ही ठिगळं घेऊ नका. खरंच नका. सोल्युशनची ट्यूब आणि कानशीचा तुकडा ठेवा, जास्तीची दहा मिनिटं गेली तरी चालतील.) हवा भरायचं सीओटूचं (कार्बन डायऑक्साइडचं) शेवटचं काडतूसही तिथेच फुकट गेलं. मग भाजीचा पिकअप थांबला. धबधबा शंभर पावलांवर, आवाज कानावर येत होता आणि मी टोमॅटोंवर बसून त्याच्या समोरून निघून गेलो. कसाऱ्याला एक पंक्चरवाला होता, पण माझा व्हॉल्व्ह प्रेस्टा, म्हणजे बारीक, लांब दांड्याचा, नेहमीचा पंप न बसणारा. त्याने तो बघितला आणि मला अशी नजर दिली, जणू मी विमानाचं चाक आणलंय. पितळी अडॅप्टर घरी ड्रॉवरमध्ये सुखरूप होता.

रविवारी चारही ट्यूब बादलीत बुडवल्या. आईचं म्हणणं, 'बादली कपड्यांची आहे, तुझ्या रबराची नाही.' मग धुऊन गॅलरीतल्या दोरीवर वाळत टाकल्या. एकीकडे तिच्या साड्या, एकीकडे माझ्या ट्यूब, सगळ्यांचे व्हॉल्व्ह एका दिशेला. आणि लांबून बघताना दिसलं. आटगावच्या ट्यूबचं ठिगळ बाहेरच्या अंगाला. बाकी तिन्ही भोकं आतल्या अंगाला. व्हॉल्व्ह ज्या बाजूला, त्या बाजूला. रस्त्याचा तिथे संबंधच काय!

टायर उतरवला. रिमटेप, म्हणजे ट्यूबखाली स्पोकच्या भोकांवर बसवलेली पट्टी, बघितली. व्हॉल्व्हपासून वीतभरावर टेप एका बाजूला सरकलेली आणि स्पोकच्या भोकाची अर्धी कड उघडी. बोट फिरवलं तर पात्यासारखी. शेजारच्या दोन भोकांवर टेपला वाटीसारखे खड्डे पडलेले.

आता आठवलं. तानसाच्या राइडनंतर चेनच्या बाजूचे दोन स्पोक बदलून घेतले होते. दुकानाचं नाव सांगत नाही, विचारू नका, चाक सरळ करण्यात त्यांचा हात आजही चांगलाच आहे. पण स्पोकचे निपल, म्हणजे टोकाचे छोटे नट, बदलताना जुनी टेप काढली आणि जी हाताशी होती ती प्लास्टिकची बसवली, १४ मिमीची. माझी रिम आतून १९. कोरड्या सपाट रस्त्यावर ती टेप तग धरत होती. उतारावर सतत ब्रेक लावला की रिम तापते, प्लास्टिक नरम पडतं आणि हवा ट्यूबला त्या भोकात दाबते. बरं, ट्यूबमधली हवाही तापते. मी आकडेमोड करून बघितली: ३० अंशांना ८५ पीएसआय भरली आणि हवा ६० अंशांपर्यंत गेली, तर दाब सुमारे १० पीएसआयने वाढतो. म्हणून चढाला काही नाही, मुसळधार पावसात थंड रिमवर काही नाही, आणि कोरडा उतार संपला की पाच-सात मिनिटांत फुस्स.

काकांना फोन केला. ते म्हणाले, 'अरे बाबा, माझ्या सायकलला तीस वर्षं कापडी पट्टी आहे, मी कधी उघडून बघितलीसुद्धा नाही.' बरोबर. कापडी टेप मागवली, मागून चिकटणारी, १८ मिमीची. आधी रिम स्पिरिटने पुसली, मग व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरुवात करून ताणून बसवली. भोक कात्रीने न कापता तापवलेल्या सुईने पाडलं, म्हणजे धागे सुटत नाहीत. पुढच्या चाकाचीही बदलली, तिथली शाबूत होती तरी. कापडी टेप ओली झाली की लवकर वाळत नाही हे मान्य, त्यामुळे पावसाळा संपला की उघडून बघणार.

तपासणी येऊरलाच. बुधवारी पहाटे तीनदा चढलो आणि तिन्ही वेळा मुद्दाम ब्रेक धरून उतरलो, एखाद्या घाबरट माणसासारखा. खाली येऊन रिमला बोट लावलं तर चटका बसला. उपवनला बाकावर अर्धा तास चाकाकडे बघत बसलो. शेजारी सकाळी फिरायला आलेले एक आजोबा म्हणाले, 'काय, कोणाची वाट बघताय का?' म्हटलं, 'पंक्चरची.' ते दोन बाकं सोडून जाऊन बसले. पंक्चर आलं नाही. गुरुवारी सकाळी दाब मोजला: ८३. दोन कमी, तेवढं चालतं.

पुढचं. ठरलं होतं मध्य वैतरणा एकट्याने, मग मोडकसागर दिवाळीनंतर. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की तसं का करायचं? पाणी ज्या क्रमाने येतं त्या क्रमाने का नाही? अप्परचं पाणी मध्य वैतरणेत, तिथून मोडकसागरात. खोडाळ्यापर्यंतची वाट आता ओळखीची झाली आहे, मध्य वैतरणेचं धरण मोखाडा तालुक्यातच. कसाऱ्याहून निघून तिन्ही एका दिवसात, शेवट आटगाव स्टेशनला. किती किलोमीटर होतील ते अजून नकाशावर मोजलेलं नाही, मोजलं तर बहुतेक बेत बदलेल. दोन्ही धरणांवर आत सोडत नाहीत, पण मला रस्त्यावरून पाणी दिसलं तरी पुरे.

नाहीतर दोन दिवस, मुक्काम खोडाळ्यात. तसं केलं तर जवळचं सूर्यमाळही होईल आणि विहीगावचा धबधबाही, ज्याची एक राइड माझ्याकडे बाकी आहे. भाद्रपदात पाऊस थोडा ओसरला की निघायचं. कोण येतंय? येणाऱ्याने आधी स्वतःची रिमटेप उघडून बघावी आणि प्रेस्टाचा अडॅप्टर खिशात ठेवावा. माझा मी आता सीटबॅगच्या चेनलाच बांधून टाकला आहे.