ब्रेक ऑइल राहिलंच!

पहिल्या ट्रॅक डेच्या (आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायचा दिवस) आदल्या रात्री मी चाकांचे नट आवळले, डिकीतली स्टेपनी, जॅक, अगदी पायाखालची मॅटसुद्धा काढून ठेवली. ब्रेक ऑइल मात्र तीन वर्षांपूर्वीचंच. चौथ्या लॅपला पेडल एकदम मऊ पडलं, थेट तळाला. दोन-तीनदा पंप केल्यावर कुठे गाडी आवरली. पोटात गोळाच आला!

हे ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरला की १५५ च्या आसपासही उकळू शकतं. मग पाय नुसती वाफ दाबतो.

आता आधी ऑइल बदलतो. शेवटचा लॅप सावकाश, ब्रेक जपून. गाडी लावल्यावर ब्रेक तापलेले असतात, म्हणून हँडब्रेक ओढत नाही, गिअरमध्ये ठेवतो. आणि टायरची हवा? ती गरम असतानाच मोजतो.