तलवार न उचलताच मेलेला किल्लेदार

गुरुवारी दुपारी आमच्या टेस्टरने हाक मारली. "दादा, तुमचा किल्लेदार उभा होता तसाच मेला." रेकॉर्डिंग पाहिलं. आमच्या गेममधल्या ज्या बॉसवर, म्हणजे मोठ्या शत्रूवर, मी सहा आठवडे घालवले, त्याने अख्ख्या लढाईत एकदाही तलवार उचलली नव्हती. तीन फेऱ्यांत खेळ खलास.

गेम टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने चाली खेळायचा; पार्टी, म्हणजे खेळाडूची टोळी, चौघांची. लोकांना वाटतं बॅलन्स म्हणजे शत्रूचे एचपी, म्हणजे तो किती मार सोसेल तो आकडा, कमी-जास्त करणं. खरा हिशेब चालींचा असतो. एका फेरीत पार्टीच्या चार चाली, बॉसची एक. ती एक हिरावली की हजार एचपी असले तरी तो नुसता पुतळा.

जखडणाऱ्या मंत्रातून सुटायला किल्लेदाराला वीस बाजूंच्या फाशावर, सहाची भर धरून, १५ गाठावे लागत. म्हणजे ९ किंवा वर पडलं की सुटला. शीटवर मंत्र लागण्याची शक्यता ४० टक्के दिसत होती आणि मी तिथेच थांबलो. टेस्टरने मात्र तिच्या चौघांपैकी तिघांना तोच मंत्र शिकवला. तिघांच्याही तडाख्यातून किल्लेदार सुटण्याची शक्यता उरते २१.६ टक्के. शिवाय जखडलेल्यावर वार करताना दोन फासे टाकून मोठा धरायचा, त्यामुळे ५५ टक्क्यांचा वार ८० च्या घरात जातो.

टीमचा लीड म्हणाला, "इम्यून करून टाक, उद्या गेमचं बिल्ड जायचंय." मी केलं, मंत्र किल्लेदारावर चालेनासाच केला, आणि ते केल्याचा माझा राग अजून गेलेला नाही. आमच्या कामातली ही सगळ्यात आळशी दुरुस्ती. आठ तास खेळाडूला एक विद्या शिकवायची आणि शेवटच्या दारात सांगायचं, ती इथे चालत नाही. ती पुन्हा खेळली, हरली आणि म्हणाली, "मग हा मंत्र दिलात कशाला?"

संध्याकाळभर इतरांनी काय केलंय ते आठवत बसलो. २०१७ च्या डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २ मध्ये शारीरिक आणि जादुई अशी दोन चिलखतं असतात. त्या त्या प्रकारचं चिलखत संपेपर्यंत शत्रू जखडला जात नाही. नियम स्वच्छ आहे, पण सगळ्यांनी मिळून एकच चिलखत फोडणं फायद्याचं ठरतं आणि मिश्र पार्टी मागे पडते. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत मोठे राक्षस मंत्रापासूनचा फसलेला बचाव ठराविक वेळा यशस्वी ठरवून घेतात. खेळाडूची चांगली चाल अशी पुसून टाकणं मला पटत नाही.

रात्री इम्युनिटी काढली. मंत्र लागला की किल्लेदाराला जागचं हलता येत नाही आणि दोनऐवजी एकच वार उरतो. एकदा लागला की सुटकेच्या पुढच्या फाशांना आणखी चारची भर मिळते, म्हणजे दुसऱ्यांदा लागण्याची शक्यता २० टक्के. तटावर दोन तिरंदाज बसवले, म्हणजे तिघांनी एकावरच मंत्र टाकत बसणं महाग पडतं. एचपीला हात लावला नाही.

शुक्रवारी ती नवव्या फेरीत जिंकली, शेवटी फक्त जखमा भरणारा हीलर उभा होता. लीड खूश, बिल्ड गेलं. मी विचारलं, कशी वाटली?

"छान आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण त्या दिवशी वाटलं होतं, मी काहीतरी शोधून काढलं."

पुलावरच्या चौकीदाराला मी किल्लेदाराचे जुने आकडे दिलेत. लीडला अजून सांगितलेलं नाही.