पंचांगाचा प्रोग्राम पायथन ३ वर : तिथीसमाप्तीच्या फरकाचा छडा लागला

आपल्या गटातील ज्येष्ठांनी २००८ च्या सुमारास पायथन या संगणकभाषेच्या २.५ आवृत्तीत लिहिलेला पंचांग-प्रोग्राम पायथन ३ वर आणण्याचे काम मागील नोंदीत जिथे अडले होते, तिथून ते अखेर पुढे सरकले आहे. प्रोग्राम सुरू होत होता, एकही त्रुटीसंदेश देत नव्हता, आणि तरीही त्याने दिलेल्या तिथीसमाप्तीच्या वेळा छापील पंचांगाशी जुळत नव्हत्या.

८ एप्रिल २०२४ च्या अमावास्येचे उदाहरण मागे दिले होतेच. त्या दिवशी उत्तर अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण होते आणि युतीचा, म्हणजे सूर्य-चंद्र एकत्र येऊन अमावास्या संपण्याचा, क्षण भारतीय प्रमाणवेळेनुसार रात्री ११ वाजून ५१ मिनिटांचा होता, त्यामुळे या वेळेबद्दल कोणत्याही पंचांगकर्त्याशी मतभेद होण्याचे कारण नाही. आपला प्रोग्राम मात्र अमावास्या दुसऱ्या दिवशी पहाटे ४ वाजून १० मिनिटांच्या सुमारास संपवत होता. विशेष म्हणजे ९ एप्रिलच्या सूर्योदयाला दोन्ही हिशोबांनी प्रतिपदाच येत असल्यामुळे गुढीपाडवा योग्य दिवशीच पडत होता, आणि केवळ सणांच्या यादीवरून पडताळणी करणाऱ्याला काहीही वावगे दिसले नसते. प्रत्यक्षात ४ तास १९ मिनिटांच्या या फरकाने सरासरी पाच-सहा दिवसांतून एकदा सूर्योदयाची तिथी चुकते.

मागील नोंदीवर आलेल्या सूचनांपैकी बहुतेकांचा रोख अयनांशाकडे, म्हणजे सायन आणि निरयन राशिचक्रांच्या आरंभबिंदूंतील अंतराकडे, होता. परंतु तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्या भोगांतील (राशिचक्रावरील अंशात्मक स्थानांतील) अंतरास बारा अंशांनी भागून येणारी संख्या, आणि अयनांश दोन्ही भोगांतून सारखाच वजा होत असल्यामुळे तो या अंतरात उरतच नाही. प्रमाणवेळेचा घोळ असता तर फरक साडेपाच तासांचा आला असता. डेल्टा-टीची, म्हणजे एकसमान वेळ आणि पृथ्वीच्या परिवलनावर आधारित वेळ यांतील फरकाची, दुरुस्ती तर हल्ली जेमतेम ६९ सेकंदांची आहे.

तेव्हा एकाच तारखेभोवती घुटमळण्यापेक्षा निरनिराळ्या वर्षांतील सूर्यग्रहणांच्या अमावास्या तपासाव्यात असे ठरवले, कारण त्यांचे क्षण निर्विवाद असतात. आपल्या संक्षिप्त चंद्रसूत्रातील दोन-चार मिनिटांची नेहमीची तफावत बाजूला ठेवली, तर २२ जुलै २००९ च्या ग्रहणाला प्रोग्राम १ तास ३७ मिनिटे उशीर दाखवत होता, तर २४ ऑक्टोबर १९९५ च्या ग्रहणाला तो उलट ५४ मिनिटे आधीच अमावास्या संपवत होता. म्हणजे फरक स्थिर नव्हता. तो २००० साली शून्य होऊन दोन्ही बाजूंना सरळ रेषेत वाढत होता. १९९५ पासूनची पाच वर्षे, २००९ पर्यंतची नऊ आणि २०२४ पर्यंतची चोवीस यांनी भागून पाहिले, तर तिन्ही वेळा उत्तर १०.८ मिनिटे आले. एवढ्यावर समाधान मानले असते, पण १६ फेब्रुवारी १९८० चे ग्रहण या रेषेवर बसेना. वीस वर्षांच्या हिशोबाने ३ तास ३६ मिनिटे यायला हवीत, तिथे ३ तास ४७ मिनिटे येत होती, म्हणजे बरोब्बर एकवीस वर्षांचा फरक.

या एका बेताल आकड्याने गाठ सुटली. जानेवारी आणि फेब्रुवारी हे मागील वर्षाचे तेरावा आणि चौदावा महिना म्हणून धरण्याची पद्धत संपूर्ण प्रोग्राममध्ये एकाच ठिकाणी आहे, ती म्हणजे तारखेवरून ज्यूलियन दिनांक, अर्थात आपला अहर्गण (ठरावीक आरंभापासून मोजलेले दिवस), काढणाऱ्या फंक्शनमध्ये. शिवाय वर्षाला १०.८ मिनिटे म्हणजे शतकाला पाऊण दिवस, आणि पाऊण दिवस प्रतिशतक म्हणजे ४०० वर्षांत ३ दिवस. ग्रेगरीय दिनदर्शिकेने ४०० वर्षांत नेमके तीनच लीप दिवस वगळलेले आहेत, हे आपल्यापैकी कोणाला सांगायला नको.

फंक्शन उघडून पाहिले तेव्हा त्या दोन ओळी समोरच होत्या : ‘अ = वर्ष / १००’ आणि ‘ब = २ - अ + अ / ४’. यात ‘अ’ म्हणजे शतके आणि ‘ब’ म्हणजे वगळलेल्या लीप दिवसांची दुरुस्ती. पायथन २ मध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येत असे, त्यामुळे २०२४ साठी ‘अ’ २० आणि ‘ब’ उणे १३ मिळे. पायथन ३ मध्ये तेच ‘/’ चिन्ह अपूर्णांक देते, ‘अ’ २०.२४ होतो, ‘ब’ उणे १३.१८ होतो, आणि अहर्गण ०.१८ दिवसाने, म्हणजे ४ तास १९ मिनिटांनी मागे पडतो. शतकांची पायरी मोडून तिचा उतार झाला होता. हेच भागाकार एखाद्या यादीच्या क्रमांकासाठी वापरलेले असते तर पायथन ३ ने पहिल्याच फटक्यात प्रोग्राम थांबवला असता, आणि शुक्ल-कृष्ण पक्षांच्या नावांच्या यादीबाबत तसे झालेही. इथे मात्र उत्तर ही नुसती संख्या असल्यामुळे ते निमूटपणे पुढे गेले.

प्रोग्राममध्ये मुळापासून असलेल्या दोन चाचण्यांनी हा दोष का पकडला नाही, याचे उत्तर मला या सगळ्यात सर्वांत रंजक वाटले. पहिली चाचणी १ जानेवारी २००० च्या मध्यान्हाची आहे, जिथे २४५१५४५.० हे उत्तर ०.०१ दिवसाच्या आत अपेक्षित आहे. जानेवारी असल्यामुळे वर्ष १९९९ धरले जाते आणि फरक ०.००७५ दिवसाचा येतो, म्हणजे चाचणी निसटती का होईना पण उत्तीर्ण होते. दुसरी चाचणी शिवराज्याभिषेकाची आहे : ६ जून १६७४, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. ही तारीख ग्रेगरीयपूर्व, म्हणजे जुन्या ज्यूलियन दिनदर्शिकेच्या पद्धतीची असल्यामुळे तिच्यासाठी ‘ब’ शून्यच धरला जातो आणि सदोष ओळींना स्पर्शही होत नाही. नेमकी सदोष ओळ सोडून बाकी सर्व तपासणाऱ्या चाचण्या असे यांचे वर्णन करावे लागेल.

आता साधनांविषयी. पायथन २ चा कोड पायथन ३ मध्ये बदलून देणाऱ्या ‘टू-टू-थ्री’ या रूपांतरकाविषयी माझे मत पूर्वीही फारसे चांगले नव्हते. तारखांच्या कोष्टकात महिने ०१ ते ०७ असे शून्यासह आणि ८ व ९ बिनशून्याचे लिहिलेले होते, कारण पायथन २ शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान (आठ या पायावरची) समजत असे आणि ०८ पाहताच अडून बसत असे. रूपांतरकाने ते सातही महिने इमानाने नव्या अष्टमान पद्धतीत लिहून दिले, मात्र भागाकाराच्या एकाही चिन्हाला हात लावला नाही. पायथन ३.१३ मधून तो काढून टाकला गेला याचे मला दुःख नाही. ‘फ्युचराइझ’ हा दुसरा रूपांतरक निदान प्रत्येक संशयित भागाकाराभोवती ‘ओल्ड-डिव्ह’ नावाचे वेष्टन घालतो. त्यामुळे कोड कुरूप होतो, पण उत्तरे जुनीच राहतात.

दुरुस्ती म्हणून त्या दोन ओळींत ‘//’, म्हणजे भागाकारातला अपूर्णांक टाकून देणारे चिन्ह, घातले. हे चिन्ह पायथन २.२ पासून उपलब्ध आहे, त्यामुळे जुना प्रोग्रामही त्यावर चालतो. ते सरसकट सर्वत्र घालण्याचा मोह कोणी करू नये. अहर्गणावरून शतके काढताना ३६५२५ ने केलेल्या भागाकारात ते पडले, तर चंद्र शतकभर जागचा हलणार नाही.

खरे तर हे फंक्शनच काढून टाकून तारखेचा दिवसक्रमांक देणाऱ्या पायथनच्या तयार ‘टू-ऑर्डिनल’ मध्ये १७२१४२४.५ मिळवावेत असे ठरवून मी तसे लिहायलाही घेतले होते. परंतु ती सोय सर्व तारखा ग्रेगरीयच मानते, आणि इंग्रजांच्या पत्रव्यवहारातील शिवकालीन तारखा आपल्याला ज्यूलियन पद्धतीनेच द्याव्या लागतात. तेव्हा फंक्शन राहील आणि ‘टू-ऑर्डिनल’ त्याचा साक्षीदार होईल : १९०० ते २१०० मधील प्रत्येक दिवसाचा अहर्गण दोन्ही मार्गांनी काढून ताडून पाहायचा.

हे लिहीत असतानाच सुचले की मूळ प्रोग्राम पायथन २.७ वर ‘क्यू-वॉर्न’ हा पर्याय देऊन चालवला, तर पूर्णांकांचा प्रत्येक भागाकार ‘क्लासिक इंट डिव्हिजन’ अशी सूचना देऊन स्वतःच आपली जागा सांगेल. डेबियन १२ या लिनक्स प्रणालीमध्ये पायथन २ उरलेले नाही, पण पायथनच्या हव्या त्या आवृत्त्या बसवणाऱ्या ‘पायएन्व्ह’ने २.७.१८ विनासायास बांधून दिले. सूचनांची यादी हाती आली असून तिच्यात सूर्योदयाच्या फंक्शनमधील एक ओळ आहे, जिच्याकडे माझे लक्ष गेले नव्हते.

छोट्या गोष्टींपैकी तक्ता आता सरळ छापला जातो. पायथन २ ‘प्रतिपदा’ची लांबी २४ बाइट मोजत असे आणि पायथन ३ आठ चिन्हे मोजते, त्यामुळे रकान्यांच्या रुंदीसाठी पूर्वी घातलेले सगळे जादुई आकडे काढून टाकता आले. घटींच्या (एक घटी म्हणजे २४ मिनिटे) पूर्णांकनासाठी स्वतंत्र फंक्शन लिहिले, कारण ५ तास म्हणजे नेमक्या १२.५ घटी होतात आणि पायथन ३ त्यांच्या १२ करते, तर जुना प्रोग्राम १३ करत असे.

सूर्योदयाची ती ओळ दुरुस्त झाली की शके १९४८ च्या अधिक ज्येष्ठाची, म्हणजे १७ मे ते १५ जून २०२६ ची, पडताळणी घेईन. ज्यांच्याकडे १९८० पूर्वीच्या छापील पंचांगांतील तिथीसमाप्तीच्या वेळा असतील, त्यांनी जानेवारी-फेब्रुवारीची पाने आधी पाठवावीत.