पुस्तकांचा कप्पा, नोंद ९: भाडं गेलं कुठे?

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की रोख प्रवाहाच्या पुस्तकातली कसोटी आता शेअर निवडायच्या माझ्या तक्त्यात चपखल बसली. नाही बसली. तीन रविवार खाल्ले तिने. काल गुंता सुटला, म्हणून ही नोंद.

कसोटी तुमच्या ओळखीचीच: दहा वर्षांचा सीएफओ (कामकाजातून आलेली रोख) भागिले दहा वर्षांचा पॅट (करानंतरचा नफा). भागाकार एकाच्या वर राहिला तर नफा नुसता कागदावरचा नाही. चपला-बुटांच्या साखळी दुकानांची एक कंपनी घेतली. २०१८-१९ ला सीएफओ ११८ कोटी, पॅट १०४. पुढच्याच वर्षी सीएफओ २४१, पॅट ९८! विक्री जेमतेम हललेली. वाटलं, कंपन्यांचे आकडे देणाऱ्या फुकटच्या साइटने घोळ घातला. (कंपन्या चाळायला त्या साइटी बऱ्या, आकड्यावर विसंबायला नाही, हे मत कायम.) बीएसईवरून वार्षिक अहवाल उतरवला, आकडा तोच. पुरवठादारांचे पैसे थकवले असतील म्हणून देणी पाहिली, मालाचा साठा पाहिला, सगळं जागच्या जागी. दुसऱ्या रविवारी पुस्तकच पहिल्यापासून वाचलं, समासात पेन्सिलीने 'मग हे काय?' लिहिलं आणि चिडून मिटलं.

काल जळगावला मामेभावाच्या गाळ्यात बसलो होतो. तो रोजमेळ लिहीत होता. एक तारखेच्या पानावर पहिलीच ओळ, 'गाळाभाडे'. आणि डोक्यात ट्यूब पेटली: एवढी दुकानं भाड्याची, मग कंपनीच्या खर्चात भाडं कुठे दिसलं मला? मोबाइलवरच अहवाल उघडला. भाड्याची ओळ एका वर्षात वाळून काडी झालेली.

इंड एएस ११६, म्हणजे भारतीय लेखा मानकांतलं भाडेकरारांचं मानक. १ एप्रिल २०१९ पासून लागू. लांब मुदतीचं भाडं आता खर्चात नाही. ताळेबंदात एका बाजूला जागेच्या वापराचा हक्क, दुसऱ्या बाजूला पुढच्या भाड्याचं देणं. नफा-तोटा पत्रकात त्याचा घसारा आणि व्याज येतं, म्हणून सुरुवातीच्या वर्षांत पॅट थोडा दबतो. आणि रोख प्रवाहात ते भाडं वित्तपुरवठ्याच्या भागात जाऊन बसतं, कर्ज फेडावं तसं. सीएफओ फुगतो, तिजोरीत एक रुपया वाढत नाही. खाली शोधलं तर सापडले, १०९ कोटी. २४१ वजा १०९, १३२. त्या १३२ भोवती लाल पेनाने दोनदा गोल केला! भावाला समजावलं तर तो वर न बघता म्हणाला, "कोठे बी लिख भो, पैसा त गल्लामाईनच जास ना!" (कुठेही लिही, पैसा गल्ल्यातूनच जातो.) तीन रविवारांचं काम त्याने एका वाक्यात उरकलं. रात्री भरीत आणि कळण्याची भाकरी जरा जास्तच गेली.

आता पुस्तकांचं. रोख प्रवाहाचं हे पुस्तक २०१२ चं, बिचाऱ्याचा दोष नाही. म्हणून ठरवत होतो की २०१९ आधीची सगळी काढून टाकायची. पण हे लिहिताना समोर ग्रॅहमचं 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर' आहे: मूळ १९४९, लेखकाने शेवटचं सुधारलं १९७३ मध्ये. त्यातलं बाजाराच्या चढउतारांवरचं आठवं आणि किमतीत सुरक्षित अंतर ठेवण्यावरचं विसावं प्रकरण मंदीत हाताशी लागतंच. त्याच पुस्तकातला पीई (शेअरची किंमत भागिले प्रति शेअर नफा) गुणिले पीबी (किंमत भागिले प्रति शेअर पुस्तकी मूल्य) २२.५ च्या आत हा नियम मात्र मी आपल्याकडच्या चांगल्या ब्रँडवाल्या कंपन्यांना लावून पाहिला, जवळजवळ सगळ्याच बाहेर. तेव्हा पुस्तकं नाही, प्रकरणं वेगळी काढायची. हिशोबाच्या प्रकरणावर पेन्सिलीने साल टाकायचं. एका जुन्या मराठी पुस्तकात शेअरवरचा दीर्घकालीन नफा करमुक्त म्हटलंय. ते मार्च २०१८ पर्यंतच खरं होतं. जुलै २०२४ पासून वर्षाला सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के कर आहे. त्या पानाला स्टेपलर मारला.

मूल्यांकनाचं दुसरं पुस्तक मागवणार होतो, ते रद्द. (ऑनलाइन विक्रेत्याने मागच्या वेळी चोरटी छपाई पाठवली, तक्त्यांत ३ की ८ कळत नव्हतं.) त्यापेक्षा फिलिप फिशरचं शेअर गुंतवणुकीवरचं १९५८ चं पुस्तक पुन्हा काढतो. कंपनीबद्दल तिच्या विक्रेत्यांना आणि स्पर्धकांना विचारत फिरा, हे सांगणारं. सावदा-रावेरला केळीवाल्यांना पाइप आणि ठिबक विकणारी दुकानं ओळीने आहेत. पुढच्या रविवारी वही घेऊन तिकडे. तक्त्यात मुळात इंड एएस सुरू झाले (नुसतं ११६ नव्हे) त्या वर्षाचा सांधा, म्हणजे जुन्या-नव्या पद्धतीचे आकडे जुळतात का, अजून तपासायचाय. तो कुणी लावला असेल तर कसा लावलात तेवढं सांगा.